हाफ क्लच आणि व्रीडा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील तिसऱ्या नियमानुसार शिकाऊ परवान्यावर गाडी चालवणाऱ्याने गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबड्या रंगात ‘एल’ हे अक्षर लावणे बंधनकारक असून, ती पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि त्यावरील अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड व तळाशी ९ सेंटिमीटर रुंद असावे, इतका बारीक तपशील नियमकर्त्यांनी देऊन ठेवला आहे. त्या अक्षरामागे स्टेअरिंगला घट्ट धरून बसलेल्या जिवाची मोजमापे मात्र नियमात कुठेच सापडत नाहीत. ती हवी असतील, तर अभ्यासकाला परिवहन कार्यालयाच्या आवारातून निघून थेट भरतमुनींच्या नाट्यशास्त्रापर्यंत जावे लागते.

मनातील भाव शरीरावर आपोआप उमटतात, अशा आठ अवस्थांना नाट्यशास्त्रात सात्त्विक भाव म्हटले आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे ते आठ भाव रंगमंचावर आणण्यासाठी नटाला वर्षानुवर्षे साधना करावी लागते; शिकाऊ चालकाला ते पहिल्याच चौकात फुकट मिळतात. स्वेद म्हणजे घाम, आणि तो एसी चालू असतानाही नेमका तळहातांना सुटतो. वेपथु म्हणजे कंप; तो डाव्या पोटरीत सुरू होऊन क्लचवाटे सबंध गाडीत पसरतो, त्यामुळे मागच्या सीटवर कोणी बसले असेल तर त्यालाही या भावाचा यथास्थित आस्वाद मिळतो. प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे. हा शेवटचा भाव चालकाच्या वतीने इंजिन प्रकट करते.

ते असे घडते. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये घर्षणाने पकड घेणारी एक तबकडी असते. क्लच पूर्ण दाबला की इंजिनचा चाकांशी असलेला संबंध तुटतो, पूर्ण सोडला की जुळतो, आणि या दोहोंच्या मधल्या, तबकडी घासत-घासत पकड घेऊ लागते त्या अवस्थेला ड्रायव्हिंग क्लासच्या परिभाषेत ‘हाफ क्लच’ म्हणतात. जागच्या जागी मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेत गुरगुरणाऱ्या इंजिनावर, डावा पाय झटकन उचलून, अख्ख्या गाडीचा भार एकदम टाकला, तर ते एक आचका देऊन बंद पडते. यंत्राच्या दृष्टीने ही बाब किरकोळ आहे, कारण किल्ली पुन्हा फिरवली की ती संपते. माणसाच्या दृष्टीने मात्र ती तिथून पुढे सुरू होते.

शिकाऊ चालकाचा मुख्य भाव भय हाच होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते; प्रस्तुत लेखाला हे मत मान्य नाही. अपघाताचे भय खरे असते, तर गाडी बंद पडल्याक्षणी चालकाने सुटकेचा निःश्वास टाकला असता, कारण सपाट रस्त्यावर बंद उभी असलेली गाडी कोणाला धडकायला जात नाही. प्रत्यक्षात तो ताशी तीस किलोमीटर वेगाने जाताना बराचसा शांत असतो आणि उभ्या गाडीत त्याचा जीव कासावीस होतो. तेव्हा हा भाव भय नसून व्रीडा, म्हणजे लाज, आहे. भरताने तिची गणना येऊन-जाऊन असणाऱ्या तेहतीस व्यभिचारी भावांत केली असली, तरी शिकाऊ चालकाच्या ठिकाणी ती मुक्कामालाच येत असल्याने या वर्गीकरणात दुरुस्ती सुचवावीशी वाटते. गुरूची अवज्ञा करणे आणि पत्करलेली गोष्ट तडीस न नेणे ही तिची कारणे, तर खाली मान घालणे, वस्त्राशी आणि अंगठीशी चाळा करणे, नखे कुरतडणे ही तिची बाह्य लक्षणे ग्रंथात नोंदलेली आहेत.

पुण्यात चांदणी चौकाकडे चढत जाणाऱ्या पौड रस्त्यावर संध्याकाळच्या रांगेत ही सर्व लक्षणे क्रमाने पाहता येतात. पुढची बस हातभर सरकते, शिकणाऱ्या बाई क्लच सोडतात, गाडी आचका देऊन बंद पडते, शेजारचे मास्तर शांतपणे “सांगितलं होतं ना मॅडम, हाफ क्लचवर धरा” एवढेच म्हणतात. आणि मॅडम किल्लीकडे हात नेण्याऐवजी आधी ओढणी सारखी करतात, मग आरसा, जो मुळात सरळच होता, तो सरळ करतात. तेवढ्यात मागून हॉर्न वाजतो.

या हॉर्नचा अर्थ लावण्यात शिकाऊ चालकाची सर्वांत मोठी गफलत होते. तो हॉर्न आपल्याला, आपल्या कुवतीला, किंबहुना आपल्या घराण्याला उद्देशून आहे, असे त्याला वाटते. वस्तुतः आपल्याकडे हॉर्न ही शिवी नसून सवय आहे. तो रिकाम्या वळणावर वाजतो, लाल सिग्नलला वाजतो आणि गाढ झोपलेल्या कुत्र्यालाही वाजवला जातो. ट्रकच्या मागे लिहिलेले ‘हॉर्न ओके प्लीज’ लोकांना हॉर्न वाजवायला उत्तेजन देते, म्हणून महाराष्ट्रात २०१५ साली त्यावर बंदी आली, तरी पाटी पुसल्याने बोट आवरलेले नाही. पुढच्या माणसाचे नवखेपण मागच्याला दिसलेलेही नसते, कारण त्याचे लक्ष मोबाइलमध्ये असते. १८८८ साली मोटारीच्या जनकाच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंतचे सुमारे शंभर किलोमीटर मोटारीने गेल्या, चढावर गाडी ढकलावी लागली, तरी त्यांचे धैर्य खचले नाही. याचे श्रेय त्यांच्या स्वभावाला जेवढे, तेवढेच मागे दुसरी मोटार नव्हती या गोष्टीलाही द्यायला हवे.

मास्तर हा या विषयातील एकमेव स्थितप्रज्ञ होय. त्याच्या पायाशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक असतो, आणि त्याच्या वैराग्याचा बराचसा भाग त्या दोन पेडलांतून येतो. पंधरा दिवस आपण गाडी झकास चालवली असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला, त्यातला निम्मा ब्रेक आपला नव्हता, हे घरची गाडी काढल्यावर समजते. शेजारच्या परवानाधारकाला गाडी आवरता यावी, अशी नियमाची अपेक्षा आहे. घरच्या गाडीत शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे मात्र हँडब्रेक आणि आवाज एवढीच दोन साधने असतात, आणि तो दुसरेच आधी वापरतो. “अगं, ब्रेक, ब्रेक!” असे ओरडताना त्याचा उजवा पाय समोरच्या पायपुसण्यावर इतक्या निष्ठेने दाबला जातो, की काही महिन्यांत तिथे भोक पडते. “अहो, तुम्हीच चालवा मग,” हे त्यावरचे उत्तर अनेक घरांत ऐकू येते आणि गाडी पुन्हा सहा-सहा महिने जागची हलत नाही.

यावर उपाय म्हणून मन शांत ठेवण्याचा जो उपदेश केला जातो, तो अर्धवट आहे. यर्कीज आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे मांडले, की अवघड काम शिकताना डिवचणूक अति झाली तर शिकणे बिघडते आणि अगदी कमी पडली तरीही ते रेंगाळते. म्हणजे थोडी धास्ती उपयोगाचीच असते. ज्याने खरोखर काम होते, तो इलाज फारच गद्य आहे: गाडी बंद पडली, की हँडब्रेक, न्यूट्रल, किल्ली हा क्रम तोंडाने मोठ्याने म्हणायचा. तोंड कामात गुंतले की लाजेला बोलायला जागा उरत नाही; शिवाय चढावर हँडब्रेक ओढलेला असल्याने गाडी मागच्या रिक्षावर जात नाही, हा वेगळा लाभ.

काळजी करावी असा भाव त्यानंतर, साधारण तिसऱ्या आठवड्यात, येतो. त्याचे नाव गर्व. एका हाताने स्टेअरिंग धरून, कोपर खिडकीवर टेकवून, कोथरूडपासून डेक्कनपर्यंत एकदाही गाडी बंद न पाडता आलेला चालक खाली उतरतो, तेव्हा सोसायटीच्या वॉचमनला काहीतरी जळल्याचा वास येत असतो, कारण हँडब्रेक सबंध वाटभर ओढलेलाच होता.

याच सुमारास ‘एल’ची पाटी नंबरप्लेटच्या आडोशाला, मग डिकीच्या कडेला सरकू लागते. तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते आणि ती उत्तीर्ण होताच पाटी तत्परतेने ओरबाडून काढली जाते. परंतु तिचा डिंक चिवट असल्याने काचेवर अक्षराची धुरकट आकृती उरते. खोबरेल तेल, ब्लेड, नेलपॉलिश रिमूव्हर असे सर्व प्रयोग त्यावर होतात, आणि धाकटी नणंद क्लासला नाव घालेपर्यंत ते चालू राहतात.