मैदान पचवण्याची शास्त्रोक्त पद्धत

भर वस्तीत, ऐन मोक्यावर, चांगली एक-दीड एकर जमीन नुसती पडून असते. सकाळी पेन्शनर फेऱ्या मारतात, दुपारी कुत्री झोपतात, संध्याकाळी पोरे स्टंप म्हणून विटा रचतात. दिवसभरात कोणाच्याही खिशात चार पैसे पडत नाहीत. मुंबईसारख्या शहरात याला मैदान म्हणत नाहीत, याला बेजबाबदारपणा म्हणतात. केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी. सूचना लिहिणारा मुंबईत राहत नसावा. इथल्या माणसाला एवढी जागा दिलीत तर तो तिच्यात भाडेकरू ठेवील.

मैदान गिळायला रात्री जेसीबी घेऊन येणारे लोक अडाणी समजावेत. त्यांचा दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. जाणकार मंडळी घाई करत नाहीत. ती आधी मैदान बिघडू देतात. नळ तुटतो, तुटू द्यावा. दिवे जातात, जाऊ द्यावेत. मग एका पहाटे डेब्रिजचा पहिला डंपर रिकामा होतो. दुसऱ्याला आमंत्रण लागत नाही. गर्दुल्ले बसू लागले की सोसायटीचे सेक्रेटरी स्वतःच्या हस्ताक्षरात अर्ज लिहितात, ‘या जागेचे काहीतरी करा.’ एवढेच हवे असते.

मग भाऊ येतात. नारळ फुटतो. सुशोभीकरण सुरू होते. मातीवर पेव्हर ब्लॉक बसतात, कोपऱ्यात हिरव्या-पिवळ्या रंगाची ओपन जिम उगवते, मध्ये ‘आय लव्ह’ आणि पुढे वॉर्डाचे नाव. निम्म्या जागेवर जाळी लावून टर्फ तयार होते, ताशी भाड्याने. काल तिथेच फुकट खेळणारी पोरे आज जाळीला नाक लावून बघतात. उरलेल्या निम्म्यात एक फलक लागतो. वर भाऊंचा हात जोडलेला फोटो, खाली नियम : कुत्र्यांना मनाई, सायकलला मनाई, चेंडूने खेळण्यास सक्त मनाई. मैदानात खेळायला बंदी घालण्याची कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली, त्याला पद्मश्री मिळायला हवी होती.

पुढची पायरी दत्तकविधान. मूल दत्तक घ्यायचे तर तुमचे उत्पन्न, घर, तब्येत सगळे तपासतात. मैदान दत्तक घ्यायला एक ट्रस्ट आणि थोडी ओळख पुरत असे. जानेवारी 2016 मध्ये मुंबई पालिकेने यासाठी नवे धोरण मंजूर केले, तेव्हा नागरिक खवळले आणि मुख्यमंत्र्यांना धोरण स्थगित करावे लागले. आधी दिलेले 216 भूखंड परत घेण्याची मोहीम निघाली. पण काही लेकरांच्या अंगावर तोवर जिमखाने आणि क्लब वाढले होते. बाळ ओळखायचे कशावरून?

ज्यांना एवढाही खटाटोप नको, त्यांच्यासाठी कायद्यातच सोय आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966, कलम 127. तुमच्या जमिनीवर मैदानाचे आरक्षण पडले आणि विकास आराखडा अंमलात आल्यापासून 10 वर्षांत पालिकेने ती घेतली नाही, तर मालकाने खरेदीची नोटीस द्यायची. तरीही मुदतीत हालचाल झाली नाही की आरक्षण व्यपगत. ही मुदत पूर्वी 6 महिने होती, मग 12 झाली, आता 24 आहे. मालकाचा राग समजू शकतो, त्याची जमीन फुकट का अडकवावी? पण पालिकेचे काय सांगावे! साहेबांनी झोप काढली तरी निर्णय होतो, आणि झोपेबद्दल कोणावर चौकशी बसत नाही.

या शास्त्रातला खरा उस्तादी नमुना मात्र गिरणगावात आहे. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये नियमात छोटीशी दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते गिरणीच्या आवारात आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचेच, शेड पाडून रिकामी होणारी जमीन हिशेबात धरायची नाही. आणि गिरणीमालकांच्या आजोबांनी तर कुंपणापर्यंत शेडच घातल्या होत्या! लोक उच्च न्यायालयात जिंकले, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. आज त्याच गिरणगावातल्या मॉलमध्ये लहान मुलांसाठी प्लॅस्टिकच्या घसरगुंड्या आहेत. तिकीट काढून चढायचे, मोजे सक्तीचे.

बिल्डर मंडळींनीही डोके चालवले होते. इमारतीभोवती खेळायला जागा सोडण्याऐवजी ती पार्किंगच्या मजल्यावर, पोडियमच्या छतावर दाखवायची. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की नियमाने सोडायची किमान जागा जमिनीवरच हवी. तेव्हापासून लक्ष खाली वळले आहे : मैदान वर राहू द्या, पोटात पार्किंग करू. वर मातीचा थर, त्यावर लॉन. वडाच्या मुळांना स्लॅब भेदता येत नाही, हा वडाचा प्रश्न.

आता या पद्धतीतला एक कच्चा दुवा सांगतो, कृपया भाऊंना कळू देऊ नका. मैदानाचे आरक्षण बदलायचे तर कलम 37 खाली नोटीस काढून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. पेपरात ती ‘नाव बदलले आहे’ आणि ‘हरवले आहे’ यांच्या शेजारी, मुंगीच्या अक्षरात छापतात. मैदानाचे रोजचे नाव त्यात नसते. असतो सीटीएस नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक, आणि ‘मौजे अमुक’. मुदत एक महिन्याची. बंगळुरूतल्या एका वसाहतीचे उद्यान खासगी नर्सिंग होमला दिले गेले, तेव्हा तिथले रहिवासी कोर्टात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. त्यांना आपली जागा कागदावर कोणती, हे ठाऊक होते.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. वॉर्ड ऑफिसात किंवा विकास आराखड्याच्या नकाशावर तुमच्या मैदानाचा सीटीएस नंबर आणि आरक्षण शोधा, आणि सोसायटीच्या नोटीसबोर्डावर लावा. नोटीस निघाली की हरकत लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.