लाल पोट, काळं पोट

अहो, ऐकलंत का? रविवारी ताम्हिणीला फुलपाखरं बघायला गेलो होतो ना आम्ही... या जरा कुंपणापाशी, मोठ्यानं नको.

तर आपले कोपऱ्यावरच्या बंगल्यातले साहेब. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर ती हॅट! गाडीतच नीलवंताचं पुराण सुरू. 2015 साली महाराष्ट्रानं त्याला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं आपलं देशातलं पहिलंच राज्य... कितीदा ऐकायचं ते! बरं, नीलवंत दिसलंही ओढ्यापाशी. पण पुढची गंमत ऐका. घाणेरीवर एक काळं फुलपाखरू आलं, मागच्या पंखांवर पांढरे-लाल ठिपके. साहेब लगेच, "कॉमन रोझ! विषारी बरं का, पक्षी तोंड लावत नाहीत." आम्ही सगळ्याजणी माना डोलावतोय, तोच डॉक्टरीणबाईंची नववीतली पोर म्हणते, "काका, रोझचं पोट लाल असतं. हिचं काळं आहे. ही कॉमन मॉर्मनची मादी."

साहेबांनी दुर्बीण लावली, काढली, पुसली, परत लावली. तोंडातून शब्द नाही!

आणि ही मॉर्मनबाई तरी केवढी बेरकी! रोझच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात, तिथलं विष अंगात मुरतं, ते थेट फुलपाखरापर्यंत टिकतं. एकदा चाखलं की पक्ष्याचा कानाला खडा. हिच्या अंगात तसलं काही नाही, नुसता रोझचा पेहराव करून मिरवते. हिच्या जातीतल्या काहीजणी क्रिमझन रोझसारख्या नटतात, काही चक्क नवऱ्यासारख्या, काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. नवरा मात्र बिचारा सदा तसाच. चालायचंच!

हं, तर काय सांगत होते... आपल्या समोरच्या वहिनी. मोबाइलवर त्या मॉर्मनचे फोटोंवर फोटो काढत होत्या. पोरगी सहज बोलून गेली, "हिच्या अळ्या कढीपत्त्यावर असतात. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार." वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. अहो, गेल्या महिन्यातच नाही का माळ्याकडून फवारा मारून घेतला? "शी, घाण" म्हणत गॅलरीतून ओरडत होत्या, सगळ्या गल्लीनं ऐकलं!

आता त्यांच्या कढीपत्त्याला पाटी लागलीय, 'पान तोडू नये'. मला मेलीला फोडणीला चार पानं हवी होती, मागायची कशी? तुमच्या झाडावर अळी नाहीये ना?