अंगठा वर

मालवणहून परतलेला माणूस ओळखायला सोपा. डीपीत तो पाण्याखाली असतो. तोंडात रेग्युलेटर, मागे चार पट्टेरी मासे, अंगठा वर. ‘स्कुबा केलं!’ म्हणतो. केलं म्हणजे काय, तर एका मालवणी पोराने त्याला पाठीवरच्या टाकीला धरून वीसेक मिनिटं फिरवून आणलं. बाजारातून भाजीची पिशवी आणावी तसं.

मी रीतसर कोर्स केला, त्यामुळे माझ्याकडे मिरवण्यासारखं काहीच नाही. पहिला दिवस तरणतलावाच्या तळाशी गुडघ्यांवर बसून गेला. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं, वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकाने फुंकर मारून ते बाहेर काढायचं. तीनदा नाकात गेलं. समोर प्रशिक्षक शांतपणे बोट फिरवतोय: पुन्हा! शिवाय 200 मीटर पोहा, 10 मिनिटं तरंगा. आणि सगळ्यांत मोठा नियम, श्वास कधीच रोखायचा नाही. (ऑफिसात इतकी वर्षं उलटाच सराव.) 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, तिथून श्वास रोखून वर आलात तर हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. एवढं करून कार्ड मिळालं, तेही 18 मीटरपर्यंतचंच.

राहिला तो डीपी. पाण्याखाली ‘सगळं ठीक’ म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करतात. अंगठा वर म्हणजे ‘चला, वर जाऊ या’.