फिल्टर ज्याचा, पाणक्या तो

पाण्याचं वजन कमी करायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. तंबू हलके झाले, बूट हलके झाले, स्लीपिंग बॅगा मुठीत मावायला लागल्या. पण एक लिटर पाणी भरलं की पाठीवर एक किलो चढतोच. एप्रिलमध्ये सह्याद्रीत चढायचं तर माणशी चार लिटर तरी हवं. हे चार किलो घाम गाळत आपण नेतो कुठे, तर जिथे पूर्वजांनी खडक फोडून आधीच पाण्याची टाकी खोदून ठेवली आहेत तिथे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलंय, की गड बांधण्याआधी पाणी बघा, नसेल तर कातळ फोडून टाकी करा, झरा असला तरी त्याच्या भरवशावर राहू नका आणि साठवलेलं पाणी जपा. त्याच टाक्यांत पुढे बेडूक, शेवाळ आणि वेफर्सची रिकामी पाकिटं गुण्यागोविंदाने नांदतील, हे मात्र त्यांच्या दूरदृष्टीतूनही सुटलं.

थोडक्यात, पाणी वर आहे, पण तोंडाला लावायची छाती होत नाही. फिल्टर विकणारे नेमके इथेच दुकान मांडून बसतात.

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये हलक्या सामानाची साथ आली तेव्हा प्रत्येकाने घरात भाजीचा वजनकाटा ताब्यात घेतला. एकाने टूथब्रशचा दांडा कापून सहा ग्रॅम वाचवले. त्याच्याच सॅकमध्ये त्याच्या आईने दिलेले बेसनलाडवांचे दोन डबे होते. ते काट्यावर ठेवायची पद्धत नव्हती. अशा वातावरणात मी फिल्टर शोधायला निघालो, त्यामुळे पाणी शुद्ध होतं का हा प्रश्न दुसरा आणि ग्रॅम किती हा पहिला.

पाणी उकळणं सगळ्यांत खात्रीचं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं ठेवा म्हणतात. महाराष्ट्राला ती चिंता नाही, कारण आपली कळसूबाईच 1646 मीटरवर संपते. पण त्यासाठी गॅस वाहायचा, आणि भर दुपारी दोन वाजता, अंगाची लाही होत असताना, वाफाळतं पाणी निवण्याची वाट बघत बसायचं. अतिनील किरणांचा पेन असतो, तो बाटलीत घालून ढवळायचा. त्याला पाणी नितळ लागतं आणि बॅटरी लागते. आमच्या ग्रुपमध्ये चार्ज केलेली कुठलीही वस्तू शेवटी कुणाच्या तरी फोनला जोडली जाते, म्हणून तो बाद.

मग लाइफस्ट्रॉ. नळी पाण्यात बुडवायची आणि ओढायचं. कल्पना झकास, पण एप्रिलात टाक्याचं पाणी पुरुषभर खाली गेलेलं असतं आणि नळी असते वीतभर. उरलेलं अंतर माणसाने पोटावर आडवं होऊन भरून काढायचं. तरीही या नळीबद्दल मला आदर आहे, तो तिच्या घराण्यामुळे. तिचा पूर्वज नारूसाठी बनला होता. आजीच्या पिढीला नारू नावाचा हा जंत पक्का ठाऊक होता: पायविहिरीच्या पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून हात-दोन हात लांबीचा होऊन बाहेर पडायला लागायचा. मग काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर आणखी हाल. 1990 च्या दशकात आफ्रिकेतल्या नारूवर उपाय म्हणून पाइपसारखी एक साधी गाळणी तयार झाली आणि तिच्यातूनच पुढे 2005 मध्ये लाइफस्ट्रॉ निघाली. आपल्याकडचा शेवटचा रुग्ण 1996 चा. 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. आजीने मात्र प्रमाणपत्राची वाट न बघता हंड्याच्या तोंडाला फडकं बांधायचं चालूच ठेवलं.

शेवटी मन बसलं ते पोकळ तंतूंच्या फिल्टरवर. आत शेवयांएवढ्या बारीक नळ्यांचा जुडगा असतो, त्यांच्या भिंतींना 0.1 मायक्रॉनची भोकं. डायलिसिसच्या यंत्रात असतात त्याच जातीच्या नळ्या. सॉयर मिनी नावाचा जो प्रसिद्ध फिल्टर आहे, त्याचं वजन दोन औंस, म्हणजे 57 ग्रॅम. आयुष्य एक लाख गॅलन, असं बनवणारे सांगतात. मी कागद-पेन्सिल घेतली. एक लाख गॅलन म्हणजे पावणेचार लाख लिटरच्या वर. रोज तीन लिटर पाणी प्यायलो तर साधारण 345 वर्षं. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा, 1681 मध्ये, कुणी हा फिल्टर घेतला असता तर आत्ता कुठे तो बदलायला झाला असता. मध्यमवर्गीय माणसाला खरेदीसाठी याहून भक्कम कारण लागत नाही. तोच मी घेतला.

तो घेऊन सोसायटीत शिरताना लिफ्टपाशी एक काका भेटले. काकांच्या खिशात पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनसारखा टीडीएस मीटर असतो. लग्नाच्या पंगतीतही त्यांनी तो पेल्यात बुडवलेला मी पाहिला आहे.

"टीडीएस किती येतो?"

"काका, हा टीडीएस कमी नाही करत. जिवाणू अडवतो."

"मग काय उपयोग?"

पुढच्या ट्रेकहून मी मुद्दाम टाक्यातलं पाणी तसंच, न गाळता, बाटलीत भरून आणलं. काकांनी पेन बुडवला, आकडा बघितला आणि चेहरा उजळला. "अरे, आपल्या आरओच्या तोंडात मारेल असं पाणी आहे हे!" पावसाचंच पाणी ते, त्यात क्षार असणार किती? बाटलीच्या तळाशी काहीतरी वळवळत होतं, पण ते टीडीएसमध्ये धरत नाहीत.

आता फिल्टर काय अडवत नाही तेही सांगतो, कारण विकणारे ते बारीक अक्षरात सांगतात. जिआर्डिया नावाच्या परजीवीच्या गाठी दहा मायक्रॉनच्या आसपास, जिवाणू साधारण अर्ध्या मायक्रॉनचे; ही मंडळी 0.1 च्या भोकात अडकतात. पण काविळीचे विषाणू, अ आणि ई दोन्ही, असतात 0.03 मायक्रॉनच्या जवळपास. ते त्या भोकातून शीळ वाजवत जातात. अमेरिकेतल्या निर्मनुष्य डोंगरांसाठी हा फिल्टर पुरतो असं मानतात, कारण हे विषाणू येतात माणसांकडून आणि तिथे मैलोन् मैल माणूस नसतो. आपल्या डोंगरात शनिवार-रविवारी जी जत्रा भरते ती पाहता हा युक्तिवाद कर्जतच्या पुढे टिकत नाही. म्हणून माझा नियम असा: माथ्यावरचं, सावलीतलं, ज्याच्या वरच्या अंगाला कुणी राहत नाही असं टाकं असेल तर नुसता फिल्टर. ओढा किंवा वाडीखालचं पाणी असेल तर गाळून वर क्लोरीनची गोळी आणि अर्धा तास कळ. गावच्या विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, त्याचाच हा बाटलीतला अवतार. नुसत्या गोळीवरही भागत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जीव क्लोरीनला दाद देत नाही, त्याला फिल्टरच लागतो.

हे मी ग्रुपमध्ये समजावून सांगितलं तेव्हा आमच्यातले ज्येष्ठ म्हणाले, "आम्ही ओंजळीने प्यायचो. काही झालं नाही." हा मुद्दा खोडणं अवघड असतं, कारण ज्यांना झालं ते सांगायला ट्रेकला येत नाहीत. शिवाय अ प्रकारची कावीळ उगवते साधारण महिनाभराने. तोवर फोटोंवरचे लाइक थंडावलेले असतात आणि सगळा ठपका ऑफिसखालच्या पाणीपुरीवाल्यावर जातो.

गढूळ पाण्याने फिल्टरचे तंतू चोंदतात, म्हणून आधी फडक्यातून गाळायचं. आईकडे जुनी साडी मागितली.

"कशाला?"

मी रिटा कोलवेल या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंचं संशोधन सांगितलं. बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांनी जुन्या सुती साडीच्या आठ पदरांतून पाणी गाळलं, तर पटकी 48 टक्क्यांनी कमी झाली. पटकीचे जिवाणू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात आणि किडे साडीत अडकतात. नव्या साडीपेक्षा जुनी चांगली, कारण धुऊन धुऊन धागे पिंजतात आणि भोकं बुजतात. 2003 मध्ये हे छापून आलं.

"हे सांगायला अमेरिकेची बाई लागली?" असं म्हणून आईने एक तुकडा फाडून दिला. वरून हेही सांगितलं, की तुझ्या त्या यंत्राला जेवढे पैसे पडले त्यात दोन नव्या साड्या आल्या असत्या.

आणखी एक भानगड. या फिल्टरचे आटे 28 मिलिमीटरचे असतात. सोड्याच्या, कोलाच्या बाटलीला ते चपखल बसतात. पाण्याच्या बाटलीला बसतीलच असं नाही. घरात कोला आणायचा नाही हा कायदा मीच केलेला. आता शुद्ध पाण्यासाठी दोन लिटर कोला आणणं भाग पडलं. मुलीने ती बाटली रिकामी करून द्यायची जबाबदारी एकटीच्या खांद्यावर घेतली.

मग कुलंगला गेलो. सह्याद्रीत दम काढणारे जे चढ आहेत त्यांत याचा नंबर फार वरचा. वर एका ओळीत खोदलेली टाकी आहेत. मी टाक्याच्या काठावर मांडी घातली, साडीच्या तुकड्यातून पाणी पिशवीत घेतलं, फिल्टर लावला आणि पिशवी पिळायला लागलो. पलीकडून धार सुरू झाली. एवढा वेळ "डॉक्टर, ऑपरेशन कधी?" वगैरे चाललं होतं, ते थांबलं. कुणीतरी न बोलता माझ्या शेजारी आपली बाटली ठेवली. मग दुसरी आली. मग ओंजळवाल्या ज्येष्ठांची आली. "आहेच तर घेऊ" म्हणाले. अंधार पडेपर्यंत माझ्याभोवती रेशनच्या दुकानासारखी रांग. खिचडीचं पाणी आलं, चहाचं पातेलं आलं.

"अरे, चहाचं उकळणारच आहे ना?"

"असू दे रे. गाळलेल्याचा चहा चांगला होतो."

एकाने पाय धुवायला मागितलं. मी पिशवी पिळतच होतो, तळहातांना घट्टे पडत होते, धार बारीक होत चालली होती, आणि हळूहळू हिशेब लक्षात येत होता. फिल्टरमुळे चार किलोंचे दोन किलो होतात हे अगदी खरं. वाचलेले दोन किलो प्रत्येकाच्या पाठीवरून उतरले होते. माझ्याकडे 57 ग्रॅम जास्त आले होते आणि त्यांच्याबरोबर ग्रुपची पाणीपुरवठा समिती आली होती.

धार बारीक झाली की फिल्टर उलटा धुवावा लागतो. भल्यामोठ्या सिरिंजने स्वच्छ पाणी उलट्या बाजूने दाबायचं. हे काम मी खाली वाडीत एका ओसरीवर बसून काढलं. सुई नव्हती, पण सिरिंज बघून पोरं पांगली, आणि थोड्या वेळाने एक बाई शेळीला दाव्याने ओढत घेऊन आल्या. "डॉक्टर, दोन दीस झालं, चरत न्हाई." मी डॉक्टर नाही हे पटवायला बराच वेळ लागला. मधल्या काळात ज्येष्ठांनी शेळीचे डोळे तपासले आणि गुळाचं पाणी पाजायला सांगितलं.

ज्यांची ओसरी होती त्या बाबांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या आणून ठेवला. फिल्टरबरोबर माहितीपत्रक येतं त्यात पाणी गोठलं तर काय होतं ते असतं (तंतू फुटतात आणि बाहेरून कळतही नाही, म्हणून हिमालयात फिल्टरला कुशीत घेऊन झोपावं लागतं). पण दारात आलेल्या पाहुण्याला कुणी तांब्याभर पाणी दिलं तर ते त्यांच्यादेखत गाळावं की नाही, यावर अवाक्षर नाही. माझ्या मते लहान अक्षरात का होईना, हे छापायला हवं. मी एरवी "वाटेत लागेल" म्हणून बाटलीत भरून घेतो आणि वळणापलीकडे जाऊन गाळतो. इथे फिल्टर मांडीवरच होता. बाबांनीच म्हटलं, "गाळ की, बघू तरी कसं व्हतं."

गाळलं. बाबांनी आधी तांब्यातलं घोटभर प्यायलं, मग गाळलेलं प्यायलं. थोडा वेळ जिभेवर घोळवलं.

"चव तर तीच हाय."

"हो बाबा. चव तीच राहते."

"रंगबी तोच."

"हो."

"मंग काढलंस काय त्यातनं?"

मी जिवाणूंवर सुरुवात करणार तेवढ्यात ज्येष्ठ म्हणाले, "तेच मी कधीचा विचारतोय," आणि दोघांनी मिळून तांब्या संपवला.

परवा ग्रुपवर पुढच्या ट्रेकचा मेसेज पडला. जेवणाचे डबे, टॉर्च, टोपी, आधार कार्डाची झेरॉक्स, आणि शेवटी लीडरने ठळक अक्षरात लिहिलंय: "गडावर पाणी आहे. प्रत्येकी एकच बाटली आणावी. आपल्याकडे फिल्टर आहे."

खाली सगळ्यांचे अंगठे आलेत. ज्येष्ठांनी विचारलंय, अंघोळीचं होईल का.