काय ती शांतता!

पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य 1994 सालचं. बालाघाटच्या डोंगरात, जेमतेम 30 चौरस किलोमीटर. तिथल्या पायवाटांवर आता शहरी ट्रेकर दिसतात. पायात महागडे बूट, हातात घडीची काठी, पाठीवर नळीने पाणी प्यायची पिशवी. वाट आखली शेळ्यांनी, तीही मानधन न घेता.

पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा बघून मंडळी खूश होतात. दिवाळीनंतर आलेली तर जास्तच. काय ती शांतता! दारांना कुलपं, ओसरीवर एखादी म्हातारी, पदराला लोंबणारी दोन नातवंडं. ‘आजी, जरा हसा की,’ म्हणत अस्सल ग्रामीण जीवनाचा फोटो निघतो. लेक-सून कुठंयत, हे कोणी विचारत नाही. ती मुकादमाची उचल फेडायला उसाच्या फडात गेलेली असतात; नवरा-बायको मिळून हिशेबाला एक कोयता. त्यांचाही मुक्काम रानातच, कोपीत. फक्त त्या कॅम्पिंगचं बुकिंग मुकादम करतो.

तुम्ही जरूर जा. फक्त उन्हाळ्यात गेलात तर प्यायचं पाणी घरून न्या. तिकडची कित्येक गावं तेव्हा टँकरवर असतात.