वरिष्ठांपुढे सादरीकरण : विधी आणि पथ्ये

काम वरिष्ठांना कळू न देता ते झाल्याची त्यांची खात्री पटवून देणे, या क्रियेस सादरीकरण म्हणतात. तिचे मुख्य साधन पॉवरपॉइंट. फोरथॉट या छोट्या कंपनीने ते १९८७ साली मॅकिंटॉशसाठी बाजारात आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १.४ कोटी डॉलरना विकत घेतली.

पूर्वतयारी : वेळ अर्ध्या तासाची मिळाली असल्यास स्लाइड साठ कराव्यात. पहिल्या दहा कंपनीच्या वाटचालीवर खर्चाव्यात. एमडींनी ती वाटचाल स्वतः केलेली असली तरी हरकत नाही.

क्रम : मागणी पैशांची असो, माणसांची असो वा मुदतवाढीची, ती शेवटच्या स्लाइडवर ठेवावी. एमडी विमान गाठण्यासाठी पंचविसाव्या मिनिटाला उठतात आणि मागणी फेटाळली जाण्याचा धोका टळतो. या बाबतीत बार्बरा मिंटो यांच्यापासून सावध राहावे. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत काम केलेल्या या बाईंनी आधी निष्कर्ष, त्याखाली कारणे आणि तळाशी पुरावे, अशी पिरॅमिडची रचना शिकवली. ती पाळल्यास मुद्दा पहिल्याच मिनिटात कळतो आणि उरलेली एकोणतीस मिनिटे प्रश्नांना तोंड द्यावे लागते.

आकडे : दोन ग्राहकांचे तीन झाल्यास ‘५० टक्के वाढ’ लिहावे. तीनशे ग्राहक सोडून गेल्यास ‘ग्राहकवर्गाची फेररचना’ म्हणावे. प्रकल्पाची स्थिती हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगाने दाखवतात. अनुभवी व्यवस्थापक येथे कलिंगड पद्धत वापरतात : बाहेरून हिरवे, आतून लाल. सुरी मार्चअखेरीस लागते, तोवर बदली करून घ्यावी.

प्रश्नोत्तरे : ‘याने नफ्यात किती फरक पडेल?’ असे सीएफओंनी विचारल्यास ‘फार चांगला प्रश्न आहे, सर’ म्हणून बॅकअप स्लाइड शोधू लागावे. शोध पुरेसा लांबला की कोणीतरी ‘यावर ऑफलाइन बोलू’ म्हणतेच. ‘आत्ता माहीत नाही, उद्या दुपारपर्यंत सांगतो’ हे उत्तर कटाक्षाने टाळावे. ते दिल्यास उद्या दुपारी सांगावे लागते.

अपवाद : अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केले. तेथे सहा पानांपर्यंतचे सलग टिपण लिहितात आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते गप्प बसून वाचतात. ही प्रथा घातक आहे. सलग वाक्याला कर्ता आणि क्रियापद लागते, त्यामुळे कोणी काय केले हे उघड होते. शिवाय ‘म्हणून’ लिहिले की आधीच्या वाक्यात कारण आहे का, हे वाचणारा तपासतो. बुलेट पॉइंटमध्ये या अडचणी येत नाहीत.

फलश्रुती : मिनिट्समधल्या ‘निर्णय’ या रकान्यात पुढच्या सादरीकरणाची तारीख पडली की सादरीकरण यशस्वी झाले असे समजावे.