आप्पा आणि वीस माणसं

आप्पाला गाणं आवडतं, असं म्हणणं अपुरं आहे. आप्पाला अजून कुणाला ठाऊक नसलेलं गाणं आवडतं. गायकाने स्वतः लिहावं, स्वतःच चाल लावावी, गिटार घेऊन स्वतःच म्हणावं आणि समोर वीसेक माणसं असावीत, त्यांतली सहा गायकाची मावसभावंडं. हे आप्पाचं सुख. विसाची दोनशे झाली की त्याला कसंसंच होऊ लागतं. दोन हजार झाली की तो त्या गायकाविषयी भूतकाळात बोलतो. "चांगला होता," म्हणतो. गायक ठणठणीत असतो, त्याच आठवड्यात कुठल्याशा मैदानात गाणार असतो, पण आप्पाने त्याचं तेरावंही उरकलेलं असतं.

प्रतीक कुहाडचंच घ्या. जयपूरचा हा मुलगा आप्पाने ऐकला तेव्हा म्हणे समोर वीस माणसं होती. (आप्पाच्या आठवणीत कायम वीसच माणसं असतात. ती दरवेळी तीच वीस असावीत, असा आम्हाला दाट संशय आहे.) पुढे २०१९च्या डिसेंबरात बराक ओबामांनी त्या वर्षी आवडलेल्या गाण्यांची यादी जाहीर केली आणि तिच्यात कुहाडचं 'कोल्ड/मेस' निघालं. सगळीकडे आनंदीआनंद. आप्पा मात्र दोन दिवस कुणाचा फोन घेईना. तिसऱ्या दिवशी भेटला तो एवढंच बोलला, "ओबामाला काय नडलं होतं?"

दिवसा हा माणूस एका विमा कंपनीत लोकांचे क्लेम नाकारतो. संध्याकाळी खांद्याला शबनम, पायात कोल्हापुरी, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातलं उरलंसुरलं दुःख ऐकून घ्यायची जबाबदारी आपल्यावर आहे. त्याच्याकडे गायकांच्या हातून विकत घेतलेल्या, सही केलेल्या सीड्यांचं एक कपाट आहे. त्या वाजवायचं यंत्र त्याच्याकडे नाही. "वाजवायच्या कशाला? त्या आहेत," हे त्याचं उत्तर.

त्याच्या आयुष्यात एकच खरं शल्य आहे, आणि दुसऱ्या पेगनंतर ते निघतंच. लेनर्ड कोहेन. हा कॅनडाचा कवी-गायक कॅलिफोर्नियातल्या झेन मठातली वर्षं संपवून १९९९च्या सुमारास मुंबईत येऊन राहिला होता. केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरायचा आणि रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला जायचा. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियातून निवृत्त झालेले गृहस्थ. खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणाचं इंग्रजी करून सांगायचे. आणि आप्पा खेतवाडीचा! तेव्हा नववीत. म्हणजे महाराज त्याच्या गल्लीतले, महाराजांचा दुभाषा पलीकडच्या टेकडीवरचा, त्या दुभाष्यापुढे मांडी घालून बसलेला कोहेन चालत गेलं तर पाऊण तासावर, आणि आप्पा त्या वेळी त्रिकोणमितीच्या क्लासला. "तेव्हा त्याला मुंबईत कोण ओळखत होतं? वीस माणसं!" असं म्हणून तो ग्लास खाली ठेवतो. २००१ साली आलेल्या कोहेनच्या 'टेन न्यू साँग्ज'चं मूळ खेतवाडीत आहे, हा त्याचा सिद्धान्त. आम्ही वाद घालत नाही. अशा सिद्धान्ताने कुणाचं नुकसान होत नाही आणि गिरगावकरांना तेवढाच आधार.

तर गेल्या महिन्यात आप्पाने आम्हाला लोअर परळच्या एका क्लबात नेलं. आम्ही म्हणजे मी, हाडांची डॉक्टर असलेली आमची वर्गमैत्रीण आणि बँकेतला एक मित्र. तिकिटं आप्पानेच काढली होती. ती तोच काढतो आणि पैसे कधी मागत नाही, हे त्याच्या बाजूने आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे फारसं काही त्याच्या बाजूने येणार नाही.

गिरणीच्या जुन्या भिंतींजवळ आल्यावर त्याला ब्लू फ्रॉग आठवलं. २००७ साली मथुरादास मिलच्या आवारात ते सुरू झालं, गोल गोल कप्प्यांतून माणसं बसायची आणि कुठूनही रंगमंच दिसायचा. २०१६ साली मुंबईतलं ते बंद पडलं. आप्पा तिथे पहिल्या आठवड्यापासून जात होता. किती माणसं होती, हे बँकवाल्याने विचारायला नको होतं.

"पण असतं काय हे?" बँकवाल्याने पुढे विचारलं. "म्हणजे आपले संदीप खरे आणि सलील कुलकर्णी करतात तसंच ना?"

आप्पा थांबला. 'आयुष्यावर बोलू काही' २००३पासून चालू आहे, कवी आपली कविता स्वतः म्हणतो, सगळं निकषात बसतं. पण हाउसफुल्ल! "ते वेगळं," तो म्हणाला आणि दारावरच्या माणसापुढे मनगट धरून शिक्का मारून घेतला.

आत आप्पा टेबलाशी बसत नाही. तो साउंडवाल्याच्या शेजारी उभा राहतो, कारण आवाज तिथेच सर्वांत नीट ऐकू येतो. हे खरं आहे. आवाज जमवणाराच जिथे बसतो तिथे तो बरा नसून सांगतो कुणाला? आप्पाने त्याला ओळखीची मान हलवली. त्याने आप्पाकडे नवीन गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं.

आधी एक मुलगी आली. पोस्टरवर तिचं नाव इतकं बारीक होतं की डॉक्टरला चष्मा काढावा लागला. एक गिटार, एक माइक, मराठीत गाणं. भाड्याची खोली सोडताना भिंतीत राहून गेलेल्या खिळ्यांबद्दलचं. क्लब तेव्हा अर्धा रिकामा, आणि भरलेला अर्धा मेनूकार्डात. गाण्यातली सर्वांत नाजूक जागा आली आणि बारमागचं मिक्सर घरघरलं. पुढच्या नाजूक जागेला वेटर बँकवाल्याच्या कानाशी वाकला, "सर, रिपीट?"

आप्पा खवळला. टेबलाशी येऊन आम्हाला तो नॅशव्हिलची गोष्ट सांगू लागला. अमेरिकेत तिथे ब्लूबर्ड कॅफे आहे, १९८२ साली निघालेलं, जेमतेम नव्वद खुर्च्या. गाणी लिहिणारेच मधोमध गोल करून बसतात, आळीपाळीने गातात, आणि श्रोत्याने ब्र काढला तर तिथली माणसं त्याला गप्प करतात. "याला म्हणतात संस्कृती! आपल्याकडे—"

"श्श्श!" शेजारच्या टेबलावरून एक विशीतली मुलगी आप्पावर वैतागली. "काका, गाणं चालू आहे."

'काका' जास्त लागलं की 'श्श्श', कळायला मार्ग नाही. पण तो खुर्चीत बसला आणि त्यानंतर खरोखर ऐकू लागला. आप्पाला ऐकताना मी पहिल्यांदाच पाहिला. एरवी तो गाण्याच्या बाजूने बोलत असतो. त्या मुलीने मध्येच गिटारची एक तार जुळवून घेतली, "सॉरी हं," म्हणाली, पुढचं कडवं चुकली, हसली, पुन्हा सुरू केलं. आप्पाची बिअर कोमट झाली. टाळ्या वाजल्या त्या आमच्या टेबलावरून आणि त्या श्श्शवालीच्या.

मग मुख्य गायक आला आणि क्लब खच्चून भरला. हा आप्पाचा जुना लाडका. बहुधा त्या संध्याकाळपर्यंतच. पहिल्या ओळीपासून सगळे त्याच्याबरोबर गायला लागले, मोबाइल वर करून, त्याच्याहून मोठ्याने. दुसऱ्या गाण्यात तर त्याने माइकच गर्दीकडे धरला आणि स्वतः पाणी प्याला. आप्पाने ओठ घट्ट मिटले. प्रत्येक शब्द पाठ असलेला तो त्या हॉलातला सर्वांत जुना माणूस, आणि तोच एकटा गप्प. डॉक्टरने मला खुणेने टेबलाखाली बघायला सांगितलं. कोल्हापुरी ठेका धरून होती.

"चांगला होता," आप्पा उठत म्हणाला.

बाहेर रस्त्यावर ती आधीची मुलगी गिटारची पेटी रिक्षात बसत नाही हे माहीत असल्यासारखी टॅक्सी शोधत उभी होती. लोअर परळला रिक्षा नसतात, हे तिला शीवच्या अलीकडे आल्यावर कळलं असावं. आप्पा पुढे झाला. क्लेम नाकारणारा माणूस एवढा नम्र होऊ शकतो, हे त्याच्या ऑफिसात कुणाला खरं वाटणार नाही. सीडी आहे का, त्याने विचारलं. तिने सीडी कशाला म्हणतात ते आठवून बघितलं. नाही म्हणाली. पुढचा कार्यक्रम? शनिवारी, डोंबिवलीत, मावशीच्या गच्चीवर.

आप्पाने तिला टॅक्सी मिळवून दिली, गिटार स्वतः मागच्या सीटवर आडवी ठेवली, आणि टॅक्सी वळायच्या आत आमच्या फोनवर नवा ग्रुप उगवला. नाव 'शनिवार'. त्यात तीन वाक्यं. गच्चीवर वीस खुर्च्या आहेत. चार आपल्या. कुणालाही सांगू नका.